फोर्ट सिम्पसनचा लाकडी पंखा

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात मॅकेंझी व लिआर्ड या दोन नद्यांच्या संगमाजवळ, एका बेटावर, फोर्ट सिम्पसन ही जुनी वस्ती आहे. हडसन्स बे कंपनीचे व्यापारी ठाणे तेथे पूर्वीपासून होते. १८५८ साली रोमन कॅथलिक व अँग्लिकन धर्मसेवकही तेथे पोहोचले. हिवाळ्यात नद्या गोठल्या की कुत्र्यांच्या गाड्या हेच प्रवासाचे मुख्य साधन असे.

१९२० च्या ऑगस्टमध्ये याच नदीच्या काठी, बरेच उत्तरेस, खनिज तेल सापडले. उन्हाळी आगबोटींची वाट न पाहता तेथे पोहोचावे या हेतूने इंपीरियल ऑइल कंपनीने युंकर्स बनावटीची दोन धातूची विमाने घेतली. त्यांची नावे ‘व्हिक’ व ‘रेने’. १९२१ च्या मार्चमध्ये चाकांऐवजी स्की लावून ती पीस रिव्हर गावाहून उत्तरेकडे निघाली. एल्मर फुलर्टन ‘व्हिक’चा चालक होता, तर जॉर्ज गॉर्मन ‘रेने’चा.

संकट ओढवले ते फोर्ट सिम्पसनला. उतरताना ‘रेने’ची स्की व पुढचा पंखा मोडला. ‘व्हिक’ सुखरूप उतरले, पण त्याचे इंजिन नीट चालेना. तेव्हा ‘व्हिक’ची स्की व पंखा काढून ‘रेने’ला बसविण्यात आला आणि गॉर्मनने पुन्हा उड्डाणाचा यत्न केला. बर्फाचा वरचा थर कठीण दिसतो, परंतु त्याखाली भुसभुशीत हिम असते. विमान वेग घेऊ लागले असतानाच स्की त्या थरातून खाली रुतली. विमान कोसळले. पंख दुखावला आणि उसना घेतलेला पंखाही फुटला. एकाच्या दोषाने दोन्ही विमाने पांगळी झाली.

आता प्रश्न केवळ दुरुस्तीचा नव्हता, तर दिवसांचा होता. वसंत ऋतू जवळ येत होता. नदीवरचे बर्फ फुटले म्हणजे स्कीच्या विमानाला धावण्यास जागा उरणार नव्हती. नवा पंखा दक्षिणेहून येईपर्यंत ते फुटणार, हे उघड होते.

या वेळी वॉल्टर जॉन्सन पुढे आला. तो व्यापारी कंपनीच्या चाकरीतला सुतारकाम जाणणारा मनुष्य होता. यंत्रज्ञ बिल हिल याच्याबरोबर त्याने नवा पंखा घडविण्याचे ठरविले. घसरगाड्यांसाठी ठेवलेल्या ओकच्या फळ्या त्यांनी घेतल्या. मूस हा त्या प्रदेशातील मोठा सांबरवर्गीय प्राणी. त्याच्या कातड्याचा सरस करून फळ्यांचे थर एकमेकांस चिकटविले. मोडक्या पंख्याचा आकार समोर ठेवून हातच्या हत्यारांनी लाकूड तासले. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. दोन्ही पात्यांचे वजन व वळण सारखे नसेल, तर १८५ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या फिरण्याने सारे यंत्र हादरून निकामी व्हावे, अशी स्थिती होती. सरस सुटला असता, तर आकाशात दुसरा उपाय नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस, बर्फ फुटण्याच्या बेतात असताना, फुलर्टनने ‘व्हिक’ उडविले. सरळ रेषेत सुमारे ६५० किलोमीटरचे अंतर तोडून तो पीस रिव्हरला परतला. पंखा टिकला. आज तो ओटावा येथील विमानविद्या संग्रहालयात जतन केलेला आहे.

या घटनेकडे साहसकथा म्हणून पाहण्याची रीत आहे, व ती चूक नव्हे. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बाहेरून आलेल्या नव्या यंत्राला त्या भूमीतील हिमाची पारख नव्हती. तेथेच ते अडखळले. त्याला पुन्हा उभे केले ते त्याच भूमीतील घसरगाडीच्या फळीने व मूसच्या सरसाने. ज्या जुन्या साधनांना हे विमान मागे टाकण्यास आले होते, त्यांच्याच आधाराने ते घरी परतले.

फुलर्टनचे नाव पुढे कॅनडाच्या वायुदलाच्या इतिहासात मानाने नोंदले गेले, आणि ते यथायोग्यच आहे. जॉन्सनचे नाव मात्र या एका पंख्यापुरते उरले. आपापल्या ठिकाणचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी कोण आले व कोण गेले एवढेच लिहून थांबू नये. येणाऱ्याची गाडी कोणाच्या फळीवर चालली, हेही विचारावे. विचारणारा असला, तर अशी नावे अजून सापडतात.