झडतीच्या आधी

अमेरिकेत घराची झडती घ्यायची तर पोलिसांकडे ‘प्रोबेबल कॉज’ असावं लागतं. गुन्हा शाबीत करणारा पुरावा नव्हे, पण नुसता वहीमही नव्हे. हाती आलेल्या हकिकतीवरून शहाण्या माणसालाही ‘इथे काहीतरी सापडेल’ असं वाटावं, इतपत आधार. हा आधार किती हवा, याचा काथ्याकूट कायद्याच्या पुस्तकांत भरपूर आहे. मला मात्र त्याच्या कुळकथेत दुसरीच गोष्ट मोठी वाटते: कारण कधी सांगायचं आणि कोणापुढे.

कथा सुरू होते बोस्टनला, जकातीवरून. चोरटी मळी पकडण्यासाठी ब्रिटिश जकात अधिकाऱ्यांकडे ‘रिट ऑफ असिस्टन्स’ नावाचा परवाना असे. तो दाखवून दिवसाउजेडी कुठल्याही घरात शिरावं. शपथ नाही, कारण नाही, नंतर कोणाला जाब देणं नाही. राजा वारला की सहा महिन्यांत परवान्यांची मुदत संपे. १७६० च्या ऑक्टोबरात दुसरा जॉर्ज वारला, आणि नवे परवाने देण्याला व्यापाऱ्यांनी कोर्टात हरकत घेतली. त्यांच्या बाजूने उभे राहण्यासाठी जेम्स ओटिस यांनी सरकारी वकिली सोडली.

फेब्रुवारी १७६१ मधल्या भाषणात ओटिस यांनी एक प्रसंग सांगितला. वेअर नावाच्या अधिकाऱ्याला एका किरकोळ गुन्ह्यासाठी न्यायाधीश वॉली यांच्यापुढे उभं केलं होतं. सुनावणी संपताच वेअरने आता माझा अधिकार बघा म्हणत वॉलींचंच घर माळ्यापासून तळघरापर्यंत धुंडाळलं. सूड उगवायलाही तो परवाना पुरेसा होता.

ओटिस खटला हरले. पण पंचविशीतले जॉन अ‍ॅडम्स कोर्टात बसून टिपणं घेत होते. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या संविधानाचा मसुदा मुख्यतः त्यांचाच. त्यात वॉरंटामागच्या कारणाला शपथेचा आधार ‘आधी’ मिळालेला असावा, अशी अट आहे. १७९१ मध्ये अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती झाली तेव्हा प्रोबेबल कॉज, शपथ आणि नेमकी जागा या तिन्ही अटी एकाच वाक्यात आल्या. दोषी ठरवायला लागतो त्याहून कमी पुरावा इथे चालतो, हे सरन्यायाधीश मार्शल यांनी १८१३ मध्ये सांगून टाकलं.

‘आधी’ या अटीचं मोल १९४८ च्या एका निकालात दिसतं. सिअ‍ॅटलमधल्या एका हॉटेलात खोलीबाहेर अफूच्या धुराचा वास येत होता. पोलिसांनी दार ठोठावलं, वॉरंट न घेताच आत शिरले, अफू आणि अजून कोमट असलेलं ओढण्याचं साहित्य जप्त केलं. तरी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तो वास वॉरंट मिळवायला कदाचित पुरला असता. पण तो पुरतो की नाही हे शोध घेणाऱ्यानेच ठरवायचं नाही, तटस्थ दंडाधिकाऱ्याने ठरवायचं, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी बजावलं.

१९८३ च्या इलिनॉयमधल्या खटल्यात पोलिसांनी वॉरंट घेतलं होतं, पण मुळाशी होतं एक निनावी पत्र. बायको गाडी फ्लोरिडाला सोडून विमानाने परतेल, नवरा गाडीत अमली पदार्थ भरून आणेल, असा मजकूर. प्रत्यक्षात दोघंही गाडीनेच परत निघाले. बहुमताने एकंदर परिस्थिती पाहून वॉरंट ग्राह्य धरलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात या चुकीवरच बोट ठेवलं. निनावी माणसाला शपथ घालता येत नाही. मग त्याच्या पत्रातली चूक तरी दंडाधिकाऱ्याने गांभीर्याने घ्यायला हवी. म्हणून मला स्टीव्हन्स यांचंच म्हणणं पटतं.