आपोआप फ्लश होणारा संडास आणि आपलं सायकल कोळपं

मंडळी, आज राजकारण जरा बाजूला ठेवू.

आपोआप फ्लश होणारा संडास. डोकेदुखी घालवायचं उपकरण. स्वयंपाकघरातल्या नाना युक्त्या. जाहिरातीची विजेवर चालणारी पाटी. हे सगळं एकाच डोक्यातून निघालं, आणि तो माणूस आपला मराठी होता. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबईचा, १८६७चा.

१८९०च्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली होती. किराणा दुकानातली साखर, पीठ आपोआप तोलून देणारं यंत्र कोण काढतो? भिशांनी मुंबईतून आराखडा पाठवला आणि इंग्रजांना मागे टाकून नंबर काढला! मग गडी थेट लंडनला. तिथे दादाभाई नौरोजींनी ओळखी आणि पैसा, दोन्ही त्यांच्यामागे लावलं.

संडासावर हसू येतं, मलाही आलं. पण त्याच डोक्यातून 'भिसोटाइप' निघालं, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र. लहानपणी छापखान्यात एकेक खिळा चिमटीत धरून ओळ जुळवणारे कंपोझिटर मी पाहिलेत. त्यामुळे या यंत्राची किंमत मला कळते. जमशेटजींचे चिरंजीव सर रतन टाटा यांनी त्यात पैसा घातला. तरी यंत्र काही बाजारात उभं राहिलं नाही. भागीदारी मोडली, भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे आयोडीनच्या एका औषधाने हात दिला. १९३५ साली तिथेच वारले.

पेटंट हातात असलं म्हणजे पोट भरतंच असं नाही, हे भिशांनी भोगलं. पण पेटंटच्या कागदांमुळे एक झालं, नाव राहिलं. शंभर वर्षांनी देऊळगाव राजात बसून मी त्यांच्यावर लिहितोय ते त्यामुळेच.

आता आपल्याकडे या. जुन्या सायकलच्या चाकाला पास जोडून केलेलं कोळपं कपाशीत सर्रास चालतं. बैलाचा खर्च वाचतो. ते पहिल्यांदा कुणी केलं? सांगा बरं नाव. नाही ना येत?

आजही वेल्डिंगच्या दुकानात पोरं भन्नाट काहीतरी बनवतात आणि त्याच संध्याकाळी रील टाकतात. लाइक मिळतात, पण हक्क जातो. कारण अर्ज करण्याआधी वस्तू जगजाहीर झाली तर ती कायद्याने 'नवी' राहत नाही, मग पेटंट मिळणं अवघड. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. पेटंट मिळालं तर अर्जापासून २० वर्षं हक्क तुमचा. गुजरातेतलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गावाकडच्या अशा कारागिरांना मदतही करतं.

तेव्हा पोरांनो, आधी अर्ज, मग रील. आणि तुमच्या गल्लीत असा कुणी अवलिया असेल तर हसण्यावारी नेऊ नका. कमेंटमध्ये त्याचं नाव तेवढं लिहा, त्याला विचारून. वस्तू काय आहे ते मात्र सांगू नका!