ऑरम

ऑरम हा ‘सोने’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. रसायनशास्त्रात सोन्याची (अणुक्रमांक ७९) संज्ञा म्हणून रूढ असलेली ‘एयू’ ही अक्षरे याच शब्दाची आद्याक्षरे होत. शब्दाचे मूळ झळाळणे या अर्थाच्या धातूत असल्याचे मानतात. लॅटिन ‘ऑरोरा’ आणि संस्कृत ‘उषस्’ यांच्याशी त्याचे नाते सांगितले जाते.

सोपारा आणि रोमन सोने

ऑरमवरून ‘ऑरियस’ हे रोमन सुवर्णनाण्याचे नाव पडले. एका ऑरियसचे मूल्य चांदीच्या २५ देनारियसांइतके होते. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच येथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात नफ्याने बदलून मिळत असल्याचा उल्लेख आहे. भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत त्याने ‘सुप्पारा’, म्हणजे वसई तालुक्यातील आजचे नालासोपारा, हेही नाव दिले आहे. भारताकडे दरवर्षी किमान ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनीने याच शतकात केली.

नाणी आली, तरी ऑरम हा शब्द येथे रुजला नाही. मराठी ‘सोने’ हे ‘सुवर्ण’वरूनच आले आहे. संस्कृतात शिरला तो देनारियस, ‘दीनार’ या रूपाने. आणि मौज अशी की, मुळात चांदीच्या असलेल्या या नाण्याचे नाव गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्याला लागले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात मात्र ‘सुवर्ण’ हेच नाणे आहे. तेथे ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण धरून ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा हिशेब दिला आहे. त्याच्या दानलेखांत सोपाऱ्याचेही नाव येते.

प्रत्यक्ष सोपाऱ्यात सोने सापडले ते स्तूपात. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. सोबत सोन्याची फुलेही मिळाली. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत.

ओफीरचा प्रश्न

बायबलमधील सोन्यासाठी प्रसिद्ध ‘ओफीर’ म्हणजे सोपारा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. जुन्या ग्रीक भाषांतरात या नावाची ‘सोफीर’सारखी रूपे आढळतात, हा त्याचा मुख्य आधार. परंतु केवळ नामसाम्य पुरेसे नाही. शलमोनाचा काळ इ.स.पू. दहावे शतक मानतात, तर सोपाऱ्यातील अशोकाचे शिलालेख इ.स.पू. तिसऱ्या शतकातील आहेत.