अमेरिकेतील घटक राज्यांचा करभार व राहणीखर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) पन्नास घटक राज्यांत समान उत्पन्नाच्या कुटुंबांवर पडणारा राज्य व स्थानिक करांचा भार आणि समान राहणीमानास लागणारा खर्च यांत मोठी तफावत आढळते. मध्यवर्ती प्राप्तिकराचे दर देशभर एकच आहेत. परंतु राज्ये आणि त्यांच्या अधिकाराखालील काउंट्या, नगरपालिका व शाळामंडळे यांचे कर जागोजागी वेगळे असतात. भारतात शेतीबाह्य उत्पन्नावर प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार केंद्राकडे असून राज्यांच्या व्यवसाय करावर वर्षाला २,५०० रुपयांची घटनात्मक मर्यादा आहे. अ. सं. सं. मध्ये राज्यांवर असे बंधन नाही. तेथील तफावत मुख्यतः प्रत्येक राज्याच्या इतिहासातून आणि तेथील मतदारांनी व न्यायालयांनी वेळोवेळी केलेल्या निवडींतून निर्माण झाली आहे.

घटनात्मक पाया : संघराज्याच्या संविधानाने आयात-निर्यातीवर काँग्रेसच्या संमतीविना जकात बसविण्यास राज्यांना मनाई केली. दहाव्या घटनादुरुस्तीने (१७९१) मध्यवर्ती शासनास न दिलेले व राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्ये किंवा जनता यांच्याकडे राखून ठेवले. मॅकलक विरुद्ध मेरिलंड या खटल्यात (१८१९) मध्यवर्ती शासनाच्या साधनांवर राज्यांना कर बसविता येणार नाही, असा निर्णय झाला. या मर्यादा सोडल्यास करांची निवड राज्यांवरच राहिली. कालवे, लोहमार्ग व बँका यांसाठी काढलेल्या कर्जांमुळे १८४१–४३ या काळात आठ राज्ये आणि फ्लॉरिडा प्रदेश यांनी कर्जफेड थांबविली. त्या अनुभवानंतर अनेक राज्यांनी आपल्या संविधानांत कर्ज व करआकारणी यांवर निर्बंध घातले. सर्व मालमत्तेवर समान दराने कर असावा, हे समानतेचे कलम त्यांपैकीच एक होय. त्याचे परिणाम पुढील शतकात दिसून आले.

मालमत्ता कराकडून अन्य करांकडे : एकोणिसाव्या शतकात राज्ये व स्थानिक संस्था यांचा प्रमुख आधार सर्वसाधारण मालमत्ता कर हा होता. जमीन व घरे लपविता येत नसत. रोखे, भाग व ठेवी मात्र सहज लपविता येत. त्यामुळे कराचा बोजा शेतकरी व घरमालक यांच्यावर पडे. एडविन सेलिग्मन या अर्थशास्त्रज्ञाने या करावर कठोर टीका केली. १९०२ मध्येही राज्यांच्या कर-उत्पन्नाचा सु. निम्मा भाग याच करातून येत होता. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये राज्य यंत्रणेमार्फत वसूल होणारा प्राप्तिकर यशस्वीपणे अंमलात आणला. मॅसॅचूसेट्स (१९१६) व न्यूयॉर्क (१९१९) यांनी त्याचे अनुकरण केले. ऑरेगनने १९१९ मध्ये पेट्रोलवर पहिला कर बसविला आणि दहा वर्षांत तो सर्व राज्यांत पसरला.

१९२९ नंतरच्या महामंदीत मालमत्तेच्या किंमती कोसळल्या, कर थकले आणि बेकारांना साहाय्य देण्याची जबाबदारी वाढली. मिसिसिपीने १९३२ मध्ये २ टक्के दराचा सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला व त्या दशकात वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. व्हर्‌माँट (१९६९) हे विक्रीकर स्वीकारणारे शेवटचे राज्य होय. अलास्का, डेलावेअर, माँटॅना, न्यू हँपशर व ऑरेगन ही पाच राज्ये राज्यव्यापी विक्रीकर घेत नाहीत.

प्राप्तिकर नसलेली राज्ये : २०२५ मध्ये नऊ राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नव्हता : अलास्का, टेक्सस, टेनेसी, नेव्हाडा, न्यू हँपशर, फ्लॉरिडा, वायोमिंग, वॉशिंग्टन व साउथ डकोटा. त्यांच्या वाटा मात्र भिन्न आहेत. अलास्कात १९७७ मध्ये तेलवाहिनी सुरू झाल्यावर तेलाचे उत्पन्न इतके वाढले, की १९८० मध्ये प्राप्तिकर रद्द करण्यात आला आणि १९८२ पासून रहिवाशांना स्थायी निधीतून वार्षिक लाभांश मिळू लागला. नेव्हाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर करून परराज्यांतील प्रवाशांकडून महसूल मिळविला. फ्लॉरिडाने १९२४ मध्ये, तर टेक्ससने २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून प्राप्तिकराचा मार्ग बंद केला.

वॉशिंग्टन राज्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. मंदीने गांजलेल्या तेथील मतदारांनी १९३२ मध्ये सु. ७० टक्के मतांनी चढत्या दराचा प्राप्तिकर मंजूर केला होता. परंतु १९३३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरविला. उत्पन्न ही मालमत्ताच असून राज्य संविधानातील समानतेच्या कलमामुळे तिच्यावर चढत्या दराने कर घेता येत नाही, असे त्यामागील कारण होते. दोन वर्षांनी विधिमंडळाने विक्रीकर बसविला. अशा रीतीने श्रीमंतांवर कर असावा असे मत देणाऱ्या राज्यात कालांतराने गरिबांवर अधिक भार टाकणारी करव्यवस्था रूढ झाली. २०२१ मध्ये मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर बसविण्यात आला. न्यायालयाने तो २०२३ मध्ये वैध ठरविला व २०२४ मध्ये मतदारांनीही तो कायम ठेवला.

मालमत्ता करविरोधी चळवळ : १९७० नंतर कॅलिफोर्नियात घरांच्या किंमती झपाट्याने वाढल्या आणि त्यांबरोबर मालमत्ता करही वाढला. निवृत्तांना आपलीच घरे सोडावी लागतील, अशी भीती निर्माण झाली. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी तेरावा प्रस्ताव सु. ६५ टक्के मतांनी मान्य केला. त्यान्वये मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर आणण्यात आला. १९७५ चे मूल्य आधारभूत धरून घर विकले जाईपर्यंत त्यात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करता येणार नाही आणि राज्याचे कर वाढविण्यास विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत लागेल, असेही ठरले. मॅसॅचूसेट्सनेही १९८० मध्ये अशाच स्वरूपाची मर्यादा स्वीकारली.

या निर्णयामुळे जुन्या घरमालकांना संरक्षण मिळाले. परंतु शेजारच्या दोन सारख्या घरांवरील करांत मालक किती जुना आहे, यावरून कित्येक पटींचा फरक पडू लागला. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही पद्धत वैध ठरविली. कॅलिफोर्निया राज्य उत्तरोत्तर धनिकांच्या प्राप्तिकरावर अवलंबून राहिले. तेथील प्राप्तिकराचा कमाल दर २०१२ पासून १३·३ टक्के झाला. शेअरबाजारातील चढउतारांबरोबर राज्याचा महसूलही हेलकावे खाऊ लागला. नव्या घरांपेक्षा विक्रीकर मिळवून देणारी दुकाने स्थानिक संस्थांना अधिक लाभदायक वाटू लागली.

करभाराचे मापन : केवळ कराच्या दरावरून भार कळत नाही. टॅक्स फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये राज्य व स्थानिक करांचे उत्पन्नाशी प्रमाण न्यूयॉर्कमध्ये १५·९ टक्के, तर अलास्कात ४·६ टक्के होते. मात्र अशी सरासरी भार कोणावर पडतो, हे सांगत नाही. गरीब कुटुंब आपले जवळजवळ सर्व उत्पन्न खर्च करते; म्हणून विक्रीकराचा त्याच्या उत्पन्नातील वाटा मोठा असतो. घरभाड्यातूनही मालमत्ता कराचा काही अंश त्याच्यावर येतो. करविषयक व आर्थिक धोरण संस्थेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार फ्लॉरिडात उत्पन्नाच्या दृष्टीने सर्वांत खालची २० टक्के कुटुंबे उत्पन्नाच्या १३·२ टक्के, तर सर्वांत वरची १ टक्का कुटुंबे केवळ २·७ टक्के राज्य व स्थानिक कर देतात. ‘कमी कराचे राज्य’ हे वर्णन तेथील सर्वच रहिवाशांना लागू पडत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

राहणीखर्च : राज्याराज्यांतील दरपातळीची तुलना मध्यवर्ती आर्थिक विश्लेषण कार्यालयाच्या प्रादेशिक निर्देशांकांवरून करता येते. देशाची सरासरी १०० धरल्यास २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाचा निर्देशांक सु. ११३, तर आर्‌कॅन्सॉचा सु. ८७ होता. वस्तूंच्या किंमतींत राज्यवार फरक तुलनेने थोडा असतो. मुख्य फरक घरभाड्यात पडतो. कॅलिफोर्नियातील भाडे राष्ट्रीय सरासरीच्या सु. दीडपट आहे. समुद्र व डोंगर यांमुळे मर्यादित झालेली जमीन, वाढता रोजगार आणि बांधकामावरील स्थानिक निर्बंध ही त्याची कारणे होत. जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचा नगरपालिकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये मान्य केला. अनेक नगरांनी त्याचा उपयोग बहुमजली व भाड्याच्या घरांना अटकाव करण्यासाठी केला. हवाईमध्ये सागरी वाहतुकीचा खर्च व १९२० च्या नौवहन कायद्याची बंधने यांची भर पडते. शिवाय तेथील ४ टक्क्यांचा सर्वसाधारण उलाढाल कर अन्न व सेवा यांवरही आकारला जातो.

कर व राहणीखर्च नेहमी एकाच दिशेने बदलत नाहीत. कॅलिफोर्नियातून टेक्ससमध्ये जाणाऱ्या कुटुंबाचा राज्य प्राप्तिकर वाचतो व घरही स्वस्त मिळते. परंतु घराच्या किंमतीच्या प्रमाणात मालमत्ता कर तेथे बराच अधिक आहे. अल्प वेतनाच्या कामगाराचा प्राप्तिकर मुळातच थोडा असल्याने त्याच्या स्थलांतरात घरभाडे व वेतन हेच घटक निर्णायक ठरतात. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाने प्रतिनिधिगृहातील एक जागा इतिहासात प्रथमच गमावली, तर टेक्ससला दोन व फ्लॉरिडाला एक जागा अधिक मिळाली.

मध्यवर्ती धोरणाशी संबंध : राहणीखर्च भिन्न असूनही मध्यवर्ती शासनाची अनेक मापे देशभर एकच आहेत. २००९ पासून किमान वेतन ताशी ७·२५ डॉलर आहे. अनेक राज्यांनी मात्र आपापले अधिक वेतन ठरविले आहे. अधिकृत दारिद्र्यरेषा राज्यागणिक बदलत नाही. साहाय्य योजनांच्या पात्रतेच्या मर्यादेत केवळ अलास्का व हवाई यांना वेगळे धरले जाते. जनगणना कार्यालयाने २०११ पासून घरखर्चातील प्रादेशिक फरक विचारात घेणारे पूरक माप प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार कॅलिफोर्नियातील दारिद्र्याचे प्रमाण अधिकृत मापापेक्षा पुष्कळ वाढते, तर मिसिसिपीतील कमी होते. राज्य व स्थानिक करांची मध्यवर्ती प्राप्तिकरातून मिळणारी वजावट २०१७ च्या कायद्याने १०,००० डॉलरांपुरती मर्यादित झाली. तिचा फटका मुख्यतः न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया येथील उच्च उत्पन्नाच्या करदात्यांना बसला. २०२५ मध्ये ही मर्यादा काही वर्षांपुरती ४०,००० डॉलर करण्यात आली. तथापि सु. ५ लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने कमी होते.

राज्यांची स्वस्त व महाग अशी क्रमवारी लावताना शाळा, रस्ते व आरोग्यसेवा यांच्या रूपाने करांचा मोबदला किती मिळतो आणि कर कोणत्या वर्गाकडून घेतला जातो, हे दोन्ही प्रश्न बाजूला राहतात. एक कर नाकारला, तरी शासनाचा खर्च उरतोच आणि तो दुसऱ्या करातून, पुष्कळदा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाकडून, वसूल होतो. १९३३ मधील एका निकालाचे आणि १९७८ मधील एका मतदानाचे परिणाम त्या वेळी न जन्मलेल्या पिढ्यांच्या करात व घरभाड्यात आजही दिसून येतात.