कॉल ऑफ द व्हॅली

हिंदुस्तानी वाद्यसंगीताची १९६७ सालची ध्वनिमुद्रिका. संतूर : शिवकुमार शर्मा, बासरी : हरिप्रसाद चौरसिया, गिटार : ब्रिजभूषण काब्रा, तबला : माणिकराव पोपटकर. निर्माते : एचएमव्हीचे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे भावगीतगायक ते हेच.

काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, ही तिची कल्पना. शब्द एकही नाही. कथा पुढे नेतात ते राग आणि त्यांचे प्रहर. पहाटेला अहीरभैरव व नटभैरव, दुपार कलताना पिलू, दिवेलागणीनंतर झपतालातला भूप, पुढे दादऱ्यातला देस आणि शेवटी पहाडी. रागसमयाचे जुने शास्त्र इथे कथानकाचे काम करते. चाळीसेक मिनिटांत पाच रचना बसवायच्या, म्हणजे मैफलीतला ऐसपैस विस्तार सोडणे आले. त्यामुळे रागाची खोली कमी झाली असे वाटण्याचा संभव आहे. पण अहीरभैरवाचा सुरुवातीचा आलाप ऐकल्यावर ते वाटणे टिकत नाही.

शर्मा, चौरसिया आणि काब्रा तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. वाद्येही मैफलीत नवखी होती. संतूर काश्मीरच्या सुफियाना मौसिकीतले. त्यावर राग वाजू शकतो हे शिवकुमारांना तारांची रचना बदलून सिद्ध करावे लागले. बासरीला पन्नालाल घोषांनी नुकतेच मानाचे स्थान मिळवून दिले होते. गिटार तर परकीच. अली अकबर खाँचे शिष्य काब्रा ती मांडीवर आडवी घेत, तारांवरून पट्टी सरकवत आणि मींड काढत. या ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण सर्वाधिक त्यांच्या गिटारीत आहे, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली.

पश्चिमेत त्याच सुमारास नामवंत रॉकवादक एकत्र येऊन गट बांधत होते. एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच यांच्या ‘ब्लाइंड फेथ’ची १९६९ साली एकच ध्वनिमुद्रिका निघाली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’चे कलावंत मात्र नाव होण्याआधी एकत्र आले. पुढे जॉर्ज हॅरिसनसारख्या रॉकवादकांपर्यंत त्यांची ही ध्वनिमुद्रिका पोहोचली. १९९५ साली तिची वाढीव आवृत्ती निघाली.

शर्मा आणि चौरसिया यांनी ‘शिव-हरी’ या नावाने ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९), ‘लम्हे’ (१९९१) या चित्रपटांना संगीत दिले. काब्रा २०१८ साली, तर शर्मा १० मे २०२२ रोजी मुंबईत निवर्तले. चौरसियांचे वृंदावन गुरुकुल अंधेरी पश्चिमेला आहे. तिथे बासरी गुरुगृही राहून शिकता येते.