खेळाचा तास आणि मोजणीची साधने

शाळेच्या मैदानावर आज व्यायामशिक्षकाच्या हाती शिट्टीबरोबर टॅबलेटही दिसू लागला आहे. या साधनाचे कौतुक करणारे आणि त्याला नाके मुरडणारे, दोघेही ते सर्वस्वी नवे मानतात. साधन नवे आहे. त्यामागील शासकीय इच्छा मात्र जुनी आहे. मुलांची शारीरिक क्षमता देशभर एकाच मापाने मोजावी, हा विचार आपल्या प्रशासनात साठ वर्षांहून अधिक काळ वावरतो आहे.

१९५४ मध्ये दिल्लीतील निर्वासित मुलांसाठी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू झाली. तिचे जनक जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडचे, आझाद हिंद सेनेतील ज्येष्ठ अधिकारी आणि त्या वेळी केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. घरदार गमावलेल्या मुलांना कवायतीतून आत्मविश्वास द्यावा, हा तिचा मूळ हेतू. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली आणि ठरावीक मानकांवर नागरिकांची क्षमता तपासण्याची पद्धत देशव्यापी झाली.

लवकरच एकाच शाळेत शारीरिक शिक्षण, शिस्त योजना आणि ऑक्झिलरी कॅडेट कोअर असे तीन कारभार शेजारी शेजारी चालू लागले. हा गुंता सोडविण्यासाठी १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने एकात्मिक कार्यक्रमाचा आग्रह धरला आणि त्यातून १९६५ मध्ये 'नॅशनल फिटनेस कोअर' आकारास आली.

येथे प्रशासनाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. शिक्षण त्या काळी राज्यसूचीत होते. समवर्ती सूचीत ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गेले. निदेशकांचा पगार केंद्राचा, शाळा राज्याची, वेळापत्रक मुख्याध्यापकाचे. पुढे हे निदेशक राज्यांकडे वर्ग करण्यात आले आणि योजनेचे स्वतंत्र तेज ओसरले. मोजमाप ठरविणारा एक आणि मैदान सांभाळणारा दुसरा असला, की योजना वरून पूर्ण व खालून पोकळ राहते, हा त्यातला धडा होय.

टॅबलेटचा प्रवास याच पार्श्वभूमीवर पाहावा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट समारंभपूर्वक प्रकाशित झाला. साधन हाती आले की शिक्षण आपोआप सुधारेल, ही त्यामागची आशा अल्पजीवी ठरली. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी 'खेलो इंडिया' ॲप आले. त्यात शालेय मुलांच्या क्षमताचाचणीची सोय करण्यात आली. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि तबकड्यांवर झपाट्याने हात टेकविणे. चौथीपासून पुढे ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे वा चालणे, बसून पुढे वाकणे अशा चाचण्या ठरल्या. उंची-वजनाचे गुणोत्तर सर्वांनाच.

या चाचण्या वाईट नाहीत. लांब उडी घेणाऱ्या मुलीला तिचे चित्रीकरण लगेच संथ गतीने दाखविले, तर पाय कोठे चुकला हे तिला शब्दांवाचून कळते. हे काम शिट्टीने होत नाही. परंतु अनेक शाळांच्या तपासणीत मला एक गोष्ट वारंवार जाणवली. साठ मुलांचे आकडे भरण्यात तास संपतो आणि त्या तासापुरती मुले रांगेत उभी राहतात. आकडा वर जातो. त्या आकड्यावरून कोणत्या मुलाला कोणता व्यायाम द्यावा, हे सांगणारे उत्तर खाली क्वचितच येते. भरपूर धावणारे मूल नोंदीत राहते. दम लागणारे मूल टक्केवारीत हरवते.

म्हणून माझ्या मते टॅबलेटची कसोटी साधी असावी. वर्षातून दोनदा मोजणी, तीही तुकड्या पाडून. उरलेले तास निव्वळ खेळाचे. नोंद प्रथम शिक्षकाच्या आणि पालकांच्या उपयोगी पडावी, नंतर मंत्रालयाच्या. आणि टॅबलेट विकत घेण्यापूर्वी शाळेला मैदान व पूर्णवेळ व्यायामशिक्षक आहे की नाही, हा रकाना भरून घ्यावा. निर्वासित मुलांसमोर उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या निदेशकांकडे कोणतेही यंत्र नव्हते. मुलाला नावाने ओळखणारा माणूस मात्र मैदानावर रोज हजर होता.