घाटग्यांच्या विमानापासून उजव्या सीटपर्यंत

मराठवाड्यातल्या पोरासाठी वैमानिक होण्याची वाट 1977 साली जवळ आली. राज्य सरकारनं आमच्या औरंगाबादेत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, काढली. त्याआधी 1961 पासून सैनिक स्कूल होतं, पण साताऱ्याला. आणि आमच्या गारखेड्यात सातारा म्हटलं की शहरापलीकडचं खंडोबाचं सातारा गावच आठवायचं!

एसपीआयमधून मी खडकवासल्याला एनडीएत गेलो आणि तिथून हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी बिदरला. बिदरला शिकायचं विमान होतं एचटी-2, कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटग्यांच्या देखरेखीखाली घडलेलं, 1951 मध्ये पहिल्यांदा उडालेलं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. टेकल्यावर पाय जरा सुस्त पडले की विमान गर्रकन फिरायचं आणि मागून इन्स्ट्रक्टरच्या शिव्या यायच्या. पुढची सगळी विमानं मला त्यापेक्षा सभ्य वाटली.

वाहतुकीच्या विमानांसाठी माझी निवड झाली. येलहंक्याला अॅव्रो, मग 1984 पासून आलेली एएन-32. लडाखमध्ये डोंगरांच्या कुशीत शिरून रसद टाकायची. खाली जवान वाट बघत असतात, त्यामुळे भरलेलं विमान घेऊन परतणं जिवावर यायचं. माघार न घेण्याची हीच सवय पुढे एअरलाइनमध्ये मोडावी लागते.

पेन्शनीपुरती नोकरी झाली आणि मी बाहेर पडलो. 2003 नंतर स्वस्त विमानसेवा वाढल्या, वैमानिक हवे होते. तरी हवाई नियम, हवामान, नेव्हिगेशन यांच्या परीक्षा कॉलेजातून नुकत्याच सुटलेल्या मुलांशेजारी बसून दिल्या. नोकरी लागल्यावर उजवी, म्हणजे सहवैमानिकाची, सीट मिळाली. डावीकडे माझ्या पुतण्याच्या वयाचा कॅप्टन, आणि मी त्याला "सर" म्हणायचो. अनेक विंग कमांडरांना हे पचत नाही. मला मात्र ती सीट फार शिकवून गेली.

पहिला धडा: हवाई दलाच्या तळावर धावपट्टीपलीकडे सहसा आपलाच पहारा असतो. नागरी विमानतळापलीकडे लोकांची वहिवाट. 26 एप्रिल 1993 ला आमच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उशिरा उचललं गेलं आणि बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. 118 पैकी 55 माणसं गेली. चौकशीत दोष वैमानिकांवर आला, तसाच रस्त्यावरची वाहनं न अडवणाऱ्या विमानतळ प्राधिकरणावरही.

दुसरा धडा कॅप्टन दीपक साठे यांच्या अपघाताचा. एनडीएतून आलेले, अकादमीत सन्मान-तलवार मिळवलेले, लढाऊ विमानं उडवलेले. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडला पाऊस, मागून वारा आणि पठारावरची धावपट्टी. त्यांचं प्रवासी विमान कोसळलं आणि त्यांच्यासह 21 जणांचा जीव गेला. चौकशी अहवालानं म्हटलं, पुन्हा वर उचलायला हवं होतं. त्यांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण प्रवासी विमानात कसबापेक्षा माघार मोठी, आणि लष्करातून येणाऱ्याला एअरलाइननं पहिल्या दिवसापासून हेच घोकवून घ्यायला हवं.

पासष्टीनंतर एअरलाइनमध्ये उडता येत नाही; मीही थांबलो. आता गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पळणारी पोरं वाट विचारतात. त्यांच्या आईबापांना एवढंच सांगणं: एसपीआयची परीक्षा दहावीतच द्यावी लागते, पुढे गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही लागतात, आणि मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. चौकशी नववीतच करा.